घोड्यांचा डॉक्टर आणि हवेचं चाक

उसाचा हंगाम सुरू झाला की शिरूर आणि दौंडच्या रस्त्यांवर एक शब्द हमखास कानावर पडतो. डनलॉप. लाकडी चाकाची ती बैलगाडी आणि रबरी टायरची ती डनलॉप गाडी, असा आपल्याकडचा साधा हिशेब. पण डनलॉप हे कुठल्या यंत्राचं नाव नाही. ते एका माणसाचं आडनाव आहे. जॉन बॉइड डनलॉप. पेशाने जनावरांचा डॉक्टर. त्याला जाऊन आता शंभर वर्षं उलटून गेली.

तुमच्यापैकी कुणी रोज सायकलवर रांजणगावच्या नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत जात असेल. कुणी रविवारी रांजणगावच्या महागणपतीपासून निघून दौंडमार्गे सिद्धटेक गाठत असेल. कुणी पुण्याहून शिरूरला येऊन तसंच परत जात असेल, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर. टायर झिजले की तुमच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो, वेगवान घ्यायचे की टिकाऊ? दुकानात जाण्याआधी या डनलॉपची गोष्ट ऐका. या प्रश्नाची दोन्ही टोकं त्याने आयुष्यात बघितली होती, आणि त्यापायी कमावलंही होतं, गमावलंही होतं.

शेतकऱ्याचा पोरगा

डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न नावाच्या गावचा. घर शेतकऱ्याचं. आईने त्याला सांगितलं होतं की तू दोन महिने आधीच जन्मलास. ते त्याच्या मनात इतकं घट्ट बसलं की आपली तब्येत नाजूक आहे, असं समजूनच तो आयुष्यभर जपून वागला. गंमत म्हणजे ऐंशी ओलांडेपर्यंत त्याला मोठं असं दुखणं झालंच नाही.

शेतीत न राहता तो एडिंबरोला पशुवैद्यक शिकला. काही वर्षं तिथेच काम केलं आणि १८६७ मध्ये आयर्लंडला गेला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सनशी लग्न झालं. एक मुलगा, एक मुलगी. पुढे बेलफास्ट शहरात त्याने चांगला जम बसवला. त्या काळी शहर चालायचं ते घोड्यांवर. ट्राम घोड्यांची, मालगाड्या घोड्यांच्या. त्यामुळे घोड्यांच्या डॉक्टरला कामाची कमी नव्हती.

म्हणजे बघा, सत्तेचाळीस वर्षांचा होईपर्यंत या माणसाचा सायकलच्या धंद्याशी काडीचाही संबंध नव्हता.

अंगणातली परीक्षा

गोष्ट १८८७ ची. डनलॉपच्या मुलाकडे, जॉनीकडे, तीनचाकी सायकल होती. बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे. सायकलची चाकं कडक. तेव्हा बऱ्यापैकी सायकलींना भरीव रबराची पट्टी असायची. भरीव म्हणजे आत हवा नाही, नुसतं रबर. अशा चाकावरून दगडी रस्त्याने जाताना हाडं खिळखिळी व्हायची. पोराची सायकल जरा कमी हादरावी, एवढीच बापाची इच्छा होती.

त्याने एक लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराची नळी करून ती तबकडीच्या कडेला बसवली, कापडाच्या पट्टीने जखडली आणि फुटबॉलमध्ये हवा भरायच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग ही तबकडी आणि तीनचाकीचं मूळ चाक तो अंगणात घेऊन गेला आणि दोन्ही घरंगळत सोडून दिली. मूळ चाक थोडं अंतर जाऊन पडलं. हवेचं चाक अंगणाच्या टोकापर्यंत गेलं, फाटकाच्या खांबावर आपटलं आणि उसळी मारून मागे आलं.

सगळा शोध या एका मिनिटात आहे. डनलॉप निघाला होता हादरे कमी करायला, आणि हाती लागला वेग.

असं का झालं? कडक चाक दगडावर आदळतं तेव्हा सगळी सायकल, वर बसलेल्या माणसासकट, किंचित वर उचलली जाते. उचलायला लागणारी ताकद तुमच्या पायातूनच येते आणि वाया जाते. हवेचं चाक दगडाला स्वतःत सामावून घेतं. टायर दबतो, पुन्हा फुगतो, पण वरचं ओझं फारसं हलत नाही. म्हणून पुढे जाण्याची ताकद पुढे जाण्यातच खर्च होते.

आज सव्वाशेहून जास्त वर्षांनंतरही रस्त्यावरचे कित्येक सायकलस्वार हे विसरतात. टायर दगडासारखा टणक होईपर्यंत पंप मारायचा आणि सायकल आता पळणार म्हणून खूश व्हायचं! गुळगुळीत ट्रॅकवर ते काही अंशी खरं असेल. पण शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यावर, जिथे डांबर कुठे उखडलेलं, कुठे ठिगळाचं, कुठे उसाच्या ट्रॉल्यांनी लाटा आलेलं, तिथे टणक टायर म्हणजे पुन्हा डनलॉपच्या आधीचं भरीव रबर.

टायरच्या बाजूवर जो हवेचा आकडा छापलेला असतो तो बहुतेकदा कमाल मर्यादा असते. तितकी हवा भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. ढोबळ अंदाज सांगायचा तर साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसाला २८ मिलिमीटर रुंद टायरमध्ये मागे ७० ते ७५ आणि पुढे ६५ ते ७० पीएसआय पुरतात. मागच्या चाकावर ओझं जास्त, म्हणून तिथे हवा थोडी जास्त. पाठीवर दप्तर किंवा कॅरियरवर डबा असेल तर आणखी थोडी.

ज्यांना हसले, तेच जिंकले

डनलॉपला ७ डिसेंबर १८८८ रोजी पेटंट मिळालं. एडलिन नावाच्या बेलफास्टच्या सायकलवाल्याने त्याच्यासाठी या टायरच्या सायकली तयार केल्या.

इकडे आपल्याकडेही ते साल महत्त्वाचं आहे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो आणि ती सुरुवात म्हणजे बेळगावातलं सायकलचं दुकान. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपण लोखंडी नांगरासाठी आणि १९१० मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीसाठी ओळखतो, त्यांच्या उद्योगाचं मूळ दोन चाकांतच होतं. जगभर सायकलच्या धंद्याला पालवी फुटत होती आणि डनलॉपचा टायर नेमका त्याच वेळी बाजारात आला.

पण लोक आधी हसले. बारीक, सडपातळ चाकांची सवय असलेल्या डोळ्यांना हे जाडजूड टायर बावळट दिसायचे. कुणी त्यांना पुडिंग म्हणायचं, कुणी फुगा. एवढं जाड चाक वेगात कसं जाईल, हा सगळ्यांचा प्रश्न.

उत्तर दिलं विली ह्यूम नावाच्या खेळाडूने. तो बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा कप्तान होता. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो हे टायर लावून उतरला आणि चारच्या चार शर्यती जिंकला. पुढे इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला गेला, तिथेही एक सोडून सगळ्या जिंकला. हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली आणि शर्यतीतल्या मंडळींनी आपापली चाकं बदलायला घेतली.

हरलेल्यांमध्ये डब्लिनच्या हार्वी ड्यू क्रॉस या व्यापाऱ्याची मुलंही होती. बाप धंद्यात पक्का. पोरं हरल्याचं दुःख करत बसण्यापेक्षा त्याने तो टायरच धंद्यात आणायचं ठरवलं. १८८९ मध्ये डब्लिनला कंपनी उभी राहिली. डनलॉपने पेटंटचे हक्क कंपनीच्या शेअर्सच्या बदल्यात दिले.

रुंदीबद्दलचा हा गैरसमज अजूनही गेलेला नाही. रोड बाइक म्हणजे जितका बारीक टायर तितका वेग, असं कित्येकांना वाटतं. पूर्वी शर्यतीत २३ मिलिमीटरचे टायर सर्रास असायचे. आता मोठ्या शर्यतींतले सायकलस्वारही २८ आणि त्याहून रुंद टायर वापरतात. शिरूर-दौंड पट्ट्यात रोज जा-ये करायची असेल तर २८ किंवा ३२ घ्या. मात्र आधी बघा, तुमच्या फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये तेवढी जागा आहे का. जुन्या रोड बाइकना २५ किंवा २८ च्या पुढे जागाच नसते.

आणखी एक फसगत टाळा. दुकानात नुसतं अठ्ठावीस इंची म्हणून टायर मागू नका. आपल्या जुन्या, दूधवाल्यांच्या दणकट सायकलचा अठ्ठावीस इंची टायर आणि रोड बाइकचा ७०० सी टायर एकमेकांना बसत नाहीत. टायरच्या बाजूवर २८-६२२ असा आकडा असतो. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या मापाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रोड बाइकला ६२२ लागतो. जुन्या सायकलचा असतो ६३५. फरक फक्त १३ मिलिमीटरचा, पण तेवढ्याने टायर कामातून जातो.

पंक्चरचं दुखणं

आता दुसरी बाजू. डनलॉपचा टायर पळायचा छान, पण पंक्चर झाला की रडवायचा. तो रिमला चिकटवलेला आणि कापडाने गुंडाळलेला असायचा. आतल्या नळीपर्यंत पोहोचायचं तर सगळं सोलून काढायचं, दुरुस्त करायचं, परत चिकटवायचं आणि गोंद वाळायची वाट बघायची.

१८८९ मध्ये फ्रान्सच्या क्लेर्मों-फेराँ गावात एक सायकलस्वार असाच पंक्चर टायर घेऊन मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात आला. दुरुस्तीला काही तास गेले आणि गोंद वाळायला रात्र. त्यातून मिशेलिन बंधूंनी सहज निघणारा टायर तयार केला. १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेरों त्याच टायरवर जिंकला, तीन दिवसांच्या आत. आज आपल्याकडची मुलं-मुली २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ब्रेवे करतात, त्यांच्या स्वप्नातली मोठी राइड हीच, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस.

रिमला चिकटवण्याऐवजी कडेला तार घालून टायर बसवण्याची युक्ती इंग्लंडच्या चार्ल्स किंग्स्टन वेल्चने १८९० मध्ये काढली. तुमच्या सायकलचा टायर आजही त्याच तत्त्वावर बसतो.

सांगायचा मुद्दा, टायर किती पळतो एवढंच बघून भागत नाही. तो रस्त्यात किती लवकर दुरुस्त होतो, हेही बघावं लागतं. आपल्याकडे तर जास्तच. बाभळीचे काटे, रस्त्याकडेच्या गवतातले सराटे, हायवेवर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून निघालेल्या बारीक तारा, एमआयडीसीच्या रस्त्यावरचे लोखंडाचे कण. यातला सराटा सगळ्यात वाईट. कसाही पडला तरी एक काटा वर असतोच.

म्हणून रोजच्या वापरासाठी टायर निवडताना तीन गोष्टी तपासा.

पहिली, काट्यांपासून संरक्षण देणारी पट्टी. चांगल्या टायरमध्ये रबराखाली अरामिड किंवा तसल्या चिवट धाग्याचा थर असतो. वजन थोडं वाढतं, वेग थोडा कमी होतो, पण रात्रपाळी सुटल्यावर अंधारात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या शेजारी ट्यूब बदलत बसायची वेळ कमी येते.

दुसरी, टायरच्या आतलं कापड. त्यावर टीपीआय असा आकडा असतो, म्हणजे एका इंचात किती धागे. १२० च्या आसपासचं कापड बारीक धाग्याचं, लवचीक आणि पळणारं. ६० च्या आसपासचं जाड धाग्याचं आणि दणकट. मात्र हा आकडा एकटाच बघू नका, पट्टी आणि रबर मिळून टायर ठरतो.

तिसरी, कडेची तार. तारेचा टायर जड आणि स्वस्त, घडी होणारा टायर हलका आणि महाग. लांब राइडला जादा टायर सोबत न्यायचा असेल तर घडीचा सोयीचा. रोजच्या कामाला तारेचा काही वाईट नाही.

नक्षीची फार काळजी करू नका. डांबरी रस्त्यावर सायकलचा टायर गुळगुळीत असला तरी पावसात पकड ठेवतो, कारण सायकलचं चाक अरुंद असतं आणि पाणी बाजूला सारतं. नक्षी कामाला येते ती माती-चिखलात.

नावंच हवी असतील तर कॉन्टिनेंटलच्या दोन टायरांवरून अंदाज बांधा. गेटरस्किन हा टिकाऊपणाकडे झुकलेला, ग्रां प्री ५००० हा वेगाकडे झुकलेला. बाकी कंपन्यांचेही टायर असेच या दोन टोकांमध्ये कुठेतरी बसतात. एकच सायकल कामालाही आणि लांब राइडलाही वापरत असाल तर टिकाऊ टोकाच्या जवळ राहा. वेगाची कमतरता बरोबर हवा भरून बरीच भरून निघते. काट्याने वाया गेलेला अर्धा तास मात्र कशानेच भरून निघत नाही.

पेटंट गेलं, नाव राहिलं

इकडे डनलॉपवर मोठा घाव बसला. पेटंट मिळून दोन वर्षं झाली नाहीत तोच कळवण्यात आलं की ते टिकणार नाही. कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. लंडनमध्ये त्याने घोडागाडीला ती चाकं लावून चालवूनही दाखवली होती. पण तेव्हा सायकल नव्हती, मोटार नव्हती, हवं तसं रबर स्वस्त नव्हतं. शोध आला आणि विसरला गेला. थॉमसन १८७३ मध्ये वारला. डनलॉपला त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

कंपनी बुडायची, पण ड्यू क्रॉसने वेल्चचं आणि इतरांची पेटंटं विकत घेऊन ती तगवली. डनलॉप मात्र हळूहळू बाजूला पडत गेला. १८९५ मध्ये त्याने कंपनी सोडली. पुढच्याच वर्षी तो धंदा ३० लाख पौंडांना विकला गेला आणि लगेच ५० लाख पौंडांना लोकांसमोर आणला गेला. त्या पैशाच्या पुरात डनलॉपच्या वाट्याला फार काही आलं नाही. वर जाहिरातींमध्ये त्याचं दाढीवालं चित्र उंच टोपी आणि छडी देऊन छानछोकी माणसासारखं रंगवलं जायचं. साधेपणाने राहणाऱ्या या माणसाला ते मुळीच आवडलं नाही आणि त्याने त्याविरुद्ध कोर्टाची पायरीही चढली.

या पैशाच्या मागे एक काळी बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. हवेच्या टायरने जगाची रबराची भूक अचानक वाढवली. आफ्रिकेतल्या काँगोत बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या राजवटीत जंगली रबर गोळा करण्यासाठी लोकांवर भयंकर अत्याचार झाले, अगणित माणसं मेली. पोराची सायकल कमी हादरावी म्हणून धडपडणाऱ्या बापाने ते योजलेलं नव्हतं. पण एखादी वस्तू आपल्या हातात येते तेव्हा तिच्यामागे कुणाची तरी मेहनत आणि कधीकधी कुणाचं तरी रक्त असतं, एवढं त्यातून समजावं.

डनलॉप डब्लिनला राहिला. एका कापडाच्या दुकानात त्याची भागीदारी होती. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी सर्दी-थंडीचं निमित्त होऊन तो गेला, वय ८१. त्याच्या नावाची कंपनी पुढे भारतातही आली. १९३६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या साहागंजला तिचा कारखाना सुरू झाला. आणि हळूहळू ते आडनाव खेड्यापाड्यांतल्या बैलगाडीला जाऊन चिकटलं. रुतणाऱ्या लाकडी चाकापेक्षा रबरी चाक ओढायला हलकं, म्हणून बैलांचे श्रम वाचले. जनावरांच्या डॉक्टरच्या नावाला याहून शोभणारी जागा शोधूनही सापडली नसती.

टायर बसवल्यानंतर

नवीन टायर आणलात की काही गोष्टी सांभाळा. मागचा टायर आधी झिजतो. तो बाद झाला की पुढचा मागे टाका आणि नवीन टायर पुढे लावा. पुढचं चाक घसरलं तर सावरता येत नाही, म्हणून चांगला टायर नेहमी पुढे.

ट्यूब घेताना तोंड कोणतं आहे ते बघा. जुन्या सायकलला वालट्यूबवालं तोंड असतं, त्याला आजही डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. बऱ्याच गिअरच्या सायकलींना मोटारसायकलसारखं जाड तोंड असतं, तर रोड बाइकला पातळ प्रेस्टा. गावाकडच्या पंक्चरवाल्याच्या पंपाला प्रेस्टा बसत नाही, म्हणून पितळी अडॅप्टर कायम खिशात ठेवा. जोडीला एक जादा ट्यूब, दोन लिव्हर, पॅच, सोल्युशन आणि छोटा पंप. आणि घरीच एकदा ट्यूब बदलून बघा. पहिला धडा अंधारात हायवेच्या कडेला नको.

पंक्चर काढल्यावर नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवा. सराट्याचं टोक किंवा तारेचा तुकडा आतच राहिलेला असतो आणि पाच मिनिटांत नवी ट्यूबही बसते.

शेवटी, हवा किती हे मित्राला विचारून ठरवू नका. त्याचं वजन वेगळं, रस्ता वेगळा. डनलॉपने जे केलं तेच करा. गावाबाहेर वर्दळ नसलेला एखादा उतार निवडा. ठरलेल्या खुणेपासून पॅडल न मारता सायकल सोडा आणि ती कुठे थांबते तिथे खडूने रेघ मारा. मग मागून-पुढून पाच-पाच पीएसआय हवा कमी करा, पुन्हा सोडा. दोन-तीनदा करा, वारा सारखाच असताना करा. कुठल्या हवेला रेघ सर्वांत पुढे जाते ते वहीत लिहून ठेवा. तुमच्या वजनाचा, तुमच्या सायकलचा आणि तुमच्या रस्त्याचा तोच आकडा.